गिरणीच्या घरातला हेडफोन

आमच्या घरात कुणीच हळू बोलत नाही. आष्टीच्या बाजाराच्या रस्त्याला तोंड करून आमची पिठाची गिरणी आहे, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून आमची खोली. मध्ये फक्त एक भिंत. गिरणी सुरू झाली की कॅलेंडर थरथरतं, फडताळातल्या वाट्या किणकिणतात आणि आम्ही सगळे हातवाऱ्यांवर येतो. मीठ पाहिजे असेल तर चिमूट दाखवायची, चहा पाहिजे असेल तर अंगठा ओठाशी न्यायचा. लग्न होऊन आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, सासूबाई आपल्यावर चिडलेल्या आहेत. मग कळलं, वर्षानुवर्षं गिरणीवर उभ्या राहिलेल्या बाईचा आवाजच तेवढा असतो. त्या लाडानं बोलल्या तरी शेजारच्या पुष्पाबाईंची शेळी दचकते.

त्यांचं नाव बायनाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. लग्नानंतर त्या गावात स्थिरावल्या आणि माझे सासरे गेल्यावर गिरणीचा पट्टा चढवायला स्वतः शिकल्या.

हेडफोन घरात आला तो रविवारी. माझ्या लेकीचे, रेणूचे बाबा, गोरक्षनाथ, जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहेत, आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी बॅगेतून एक गोल, काळी पेटी काढली. आत दोन गुबगुबीत गाद्या, वर कमान, सगळं घडी घालून निजवलेलं.

"हे काय, कानटोपी?" आत्याबाईंनी विचारलं.

"हेडफोन हाय, आई. मनीषाच्या कामाला."

"आन् वायर? दुकानातच इसरला का?"

"बिनवायरचा असतो हा. ह्याला बारीक बारीक माईक हायेत. बाहेरची घरघर आली का हे तिच्या बराबर उलटा आवाज काढतं. दोन्ही एकमेकाला मिटवून टाकतात."

"म्हंजे आवाजाला आवाजानंच मारतंय?"

"बराबर."

"आन् मेलेला आवाज जातो कुठं?"

यावर कारखान्यात दिवसभर यंत्रांशी झटणाऱ्या माणसाला उत्तर सुचलं नाही. आत्याबाई खूश झाल्या. मुलाला निरुत्तर केलं की त्यांना भूक लागते.

मला हे काम कसं मिळणार होतं, ते सांगते. पुण्याची एक संस्था जुन्या माणसांची बोलणी रेकॉर्ड करून ठेवते. कुणी विहिरी खणलेल्या, कुणी दोर वळलेले, कुणी जनावरं राखलेली. ती बोलणी ऐकून जशीच्या तशी टाइप करायची. माझे वडील अंबडला कोर्टासमोर अर्ज टाइप करतात, माझ्या बोटांना वेग तिथूनच आलेला. संस्थेनं चाचणीसाठी एक फाइल पाठवली होती, चाळीस मिनिटांची. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायची. जे ऐकू येणार नाही तिथे 'अस्पष्ट' लिहायचं, पण असे शब्द सबंध फाइलीत पाचच्या वर नकोत. पास झाले तर सहा महिन्यांचं काम.

मागच्या वर्षी परतूरच्या एका कॉम्प्युटर क्लासात मला शिकवायला बोलावलं होतं. रेणू तेव्हा तीन महिन्यांची. मी गेले नाही. तिला टाकून जाणं जमलंच नसतं. पण तेव्हापासून हात रिकामेच होते. पोळ्या लाटताना बोटं पोळपाटावर आपोआप टाइप करायची. हे काम मात्र झोळीपासून दोन हातांवर बसून होणार होतं. घर सोडायचं नाही, रेणू सोडायची नाही. असं काम पुन्हा कधी चालून येणार?

अडचण एकच. आमच्याकडे लाईट असते तेव्हाच गिरणी चालते, आणि फाइल नेटवरच ऐकायची, ते वायफायही लाईट असते तेव्हाच चालतं. म्हणजे मला ऐकायचं काम करायचं ते गिरणीच्या घरघरीत. आधी जुन्या फोनची वायर कानात घालून बघितलं. आवाज इतका वाढवावा लागायचा की संध्याकाळी कानात माशी अडकल्यासारखं व्हायचं.

सोमवारी दुपारी रेणू झोपली, गिरणी सुरू होती, मी हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

काय सांगू! आधी एक क्षण कानाला हलकासा दाब जाणवला, विमानात बसलेले सांगतात तसा. मग गिरणी दूर गेली. बंद नाही पडली, कुणीतरी तिला उचलून गावाबाहेर माळावर नेऊन ठेवल्यासारखी दूर. समोर कॅलेंडर तसंच थरथरत होतं, पण गुपचूप. लग्न झाल्यापासून आठ वर्षं गच्च आवळलेली मूठ सुटावी तसे माझे खांदे खाली आले. आवळलेले होते हेही तेव्हाच कळलं.

आणि त्या शांततेत रेणूचा श्वास ऐकू आला. झोळीत तिचं नाक जरा चोंदलेलं, सूं सूं वाजत होतं. लेक जन्मल्यापासून गिरणी चालू असताना मी तिचा श्वास कधी ऐकला नव्हता. हे यंत्र एकसुरी घरघर गिळतं, पण माणसाचा आवाज बराचसा येऊ देतं. मी काहीच न लावता तशीच बसून राहिले. चाचणीची फाइल उघडायचंही सुचलं नाही. पाच मिनिटं मी फक्त माझ्या मुलीचं घोरणं ऐकलं.

त्या आठवड्यात मला त्याचे एकेक गुण कळत गेले. कानात काही खुपसायचं नाही, अख्खा कान गादीत मावतो, कानातलं डूलसुद्धा. दोन दोन तास डोक्यावर असलं तरी जड होत नाही. रात्री लाईट नव्हती तरी काळजी नाही, एकदा भरलं की तीन दिवस पुरतं. फोन आणि लॅपटॉप दोन्हींशी एकाच वेळी जोडलेलं राहतं. आईचा फोन आला की फाइल आपोआप थांबते. एक बटण बाहेरचं सगळं मिटवतं, तेच पुन्हा दाबलं की बाहेरचं सगळं आत येतं, भाजीवाल्याची हाळी धरून. सगळ्यात मला आवडलं ते हे, की हेडफोन डोक्यावरून उतरवला की बोलणारा माणूस थांबतो. परत घातला की तिथूनच पुढे. रेणू उठली, मी उठले, तिचं सगळं आवरून अर्ध्या तासानं आले तरी फाइलीतले बाबा त्याच वाक्यावर माझी वाट बघत असायचे.

पण आत्याबाईंना ते पटलं नव्हतं. मंगळवारी त्या दारात उभ्या राहिल्या. पीठ झालेले हात कमरेवर.

"कान झाकून बसून राह्यली. लेकरू झोळीतून उलटलं तर?"

"तिचा आवाज येतो, आत्याबाई. उलट जास्त चांगला येतो."

"आन् तो बाबा बोलत असल तवा?"

तिथे त्यांचं बरोबर होतं. फाइलीतल्या धुळाजीबाबांच्या शब्दात मी बुडालेली असले तर रेणूचं कुरकुरणं मला आलं नसतं. ते रडण्यावर गेलं असतं तेव्हाच कळलं असतं.

त्यांनी वाद घातला नाही. बाहेर गेल्या, सुतळीचा एक लांब तुकडा घेऊन आल्या. एक टोक झोळीला बांधलं. खाली बसल्या, माझा पाय ओढला आणि दुसरं टोक माझ्या अंगठ्याला गुंडाळलं.

"आमी मेंढरांच्या वाड्यावर असंच करायचो. लेकरू झोळीत, दोरी अंगठ्याला, हात लोकरीचं सूत काढायला मोकळे. त्ये हाललं का पायाला कळतं. कान लागतच न्हाई."

मी विचारलं, "तुम्ही घालून बघता का जरा? मिनिटभर?"

"माझे कान गिरणीला दिलेत. मला नगं."

तेव्हापासून मी अशी बसायचे: डोक्यावर परदेशातून आलेलं यंत्र, पायाला सुतळी. रेणूनं कूस बदलली की अंगठ्याला हलका झटका. मी पायानंच झोका द्यायचे, बोटं टाइप करत राहायची, ती पुन्हा झोपायची. आत्याबाई येता-जाता तिरक्या नजरेनं दोरी बघून जात.

फाइलीतले धुळाजीबाबा सत्तरीपलीकडचे मेंढपाळ. मुलाखत त्यांच्या मेंढरांजवळच घेतलेली, उघड्या माळावर. माझ्या बाजूची गिरणी हेडफोननं मिटवली, पण त्यांच्या बाजूचा वारा रेकॉर्डिंगमध्येच मुरलेला होता. तो मिटवणं यंत्राच्या हातात नव्हतं. वाऱ्यातून शब्द निवडत निवडत गुरुवारपर्यंत मी शेवटाला पोचले. अस्पष्ट जागा मोजल्या. चौदा.

चौदाही जागा एकसारख्याच होत्या. बाबा बोलता बोलता मध्येच थांबायचे, तोंडानं काहीतरी आवाज करायचे आणि पुढे बोलायचे. खोकला म्हणावा तर खोकला नाही. घसा खाकरणं म्हणावं तर तेही नाही. हेडफोनमुळे तिथे काहीतरी आहे एवढं लख्ख कळत होतं. काय आहे, ते नव्हतं कळत. नुसतं गाळून टाकलं तर 'जशीच्या तशी'ला बाध येणार. अस्पष्ट लिहिलं तर नापास.

शुक्रवारी लाईट आली साडेअकराला. सकाळपासून खोळंबलेल्या बाया दळणाचे डबे घेऊन गिरणीच्या ओट्यावर बसल्या. मी एकच जागा विसाव्यांदा ऐकत होते. तीन वाजले. रेणू झोळीत होती. आत्याबाई पाणी प्यायला आत आल्या, माझं तोंड बघितलं आणि हातानं विचारलं, काय झालं?

मी हातानंच सांगितलं, कळत नाही. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर चढवला. फाइल थांबवलेली होती. नुसती शांतता तेवढी सुरू.

आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. ताडकन उठल्या, घराच्या कडेच्या बोळीत गेल्या आणि तिथून ओट्याकडे तोंड करून ओरडल्या,

"लाईट गेली गं बायांनो! जा घरी! आली का या मंग!"

वीस वर्षांत त्यांच्या कानातली घरघर एकाच कारणानं थांबलेली होती. दुसरं कारण त्यांच्या डोक्यात येणार तरी कुठून! बोळीतून मशीन दिसत नाही, ओटाच दिसतो. तिकडे गिरणी जोरात चालू, पीठ पडतंय, आणि गिरणवाली सांगतेय लाईट गेली. तरीसुद्धा रांगेतल्या दैवशालाकाकूंनी डबा उचलून कमरेवर घेतला. बायनाबाईंनी जा म्हटलं म्हणजे जायचं, एवढंच त्यांना माहीत.

"लाईट गेली तर माझी जवारी कशानं दळून राह्यली, बायनाबाई?" पुष्पाबाई ओरडल्या. "तुझ्या फुंकरीनं?"

"आँ?"

"डोक्यावर काय घातलंय गं ते? नवरदेवाचं बाशिंग?"

मी अंगठ्याची दोरी काढून धावत गेले आणि हेडफोन त्यांच्या कानावरून उचलला. घरघर धाडकन परत आली. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, गिरणीकडे बघितलं, आणि इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पदरानं ते पुसताना गालाला पीठ लागलं.

"मनीषा, पोरी, हे तर दारू हाय!" त्या म्हणाल्या. "घाल परत. जल्दी घाल."

पुष्पाबाईंनी गिरणीकडे लक्ष ठेवायचं कबूल केलं. मी आत्याबाईंना खाली बसवलं, हेडफोन चढवला आणि पहिली अस्पष्ट जागा लावली.

त्यांचं हसणं हळूहळू उतरलं. मान वाकडी झाली. एक हात कानावरच्या गादीवर जाऊन टेकला, जसा कुणाच्या पाठीवर टेकावा.

"ह्यो तर वाड्यावरच बसलाय," त्या म्हणाल्या. हेडफोन घातलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यात त्या आत्याबाई. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असणार. "ह्यात काय समजंना तुला?"

मी बोटानं दाखवलं: हे मधलं. मी कागदावर पेन टेकवून बसले.

"हे व्हय? हे तुझ्यासंगं बोलतच न्हाई त्यो. मेंढरांसंगं बोलून राह्यलाय. मेंढरू लांब गेल्तं. त्येला म्हणतो, माघारी ये." आणि त्यांनी जीभ टाळूला लावून काढलं, "हिर्रर्र, हिर्रर्र!"

पुढची जागा.

"ही बारीक शीळ हाय. पाण्यावर नेल्यावर घालतात. शीळ थांबली का मेंढरू पाणी प्यायचं थांबतं, म्हणून दम लागंस्तोवर घालायची."

पुढची.

"ह्ये कोकराला हाय. आई सापडंना त्येला. च्यू च्यू च्यू, इकडं ये माझ्या राजा." हे त्या हळू म्हणाल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांचा एवढा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला.

बाहेर ओट्यावर हलकल्लोळ. पुष्पाबाईंची शेळी दावणीला बें बें करायला लागली होती आणि बाया हसून लोळत होत्या. "बायनाबाई, पीठ नगं, आता मेंढरंच हाण!" कुणीतरी ओरडलं. आत्याबाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्या माळावर होत्या. मी भराभर लिहीत होते: मेंढराला माघारी बोलावतो. पाण्यावरची शीळ. कोकराला चुचकारतो.

नवव्या जागेवर त्या एकदम थांबल्या. तळपाय जमिनीवर दाबले. हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि पळाल्या.

मी मागोमाग गेले. गिरणीच्या वरच्या पेटीतले शेवटचे दाणे खाली सरकत होते. पेटी रिकामी होऊन दगडावर दगड घासला असता तर दगडांचं काम निघालं असतं. पुष्पाबाई गिरणीकडे पाठ करून शेळीला शांत करत होत्या. आत्याबाईंनी पुढचा डबा ओतला.

"कसं कळलं तुम्हाला?" मी कानाशी जाऊन ओरडले. "आवाज तर बंद होता."

त्यांनी पाय वर करून मला तळवा दाखवला. पांढराशुभ्र, पिठानं माखलेला. "जमीन सांगती."

परत येऊन बसल्या आणि हेडफोन चढवला. मी दोरी पुन्हा अंगठ्याला गुंडाळली. बाबा ज्या शब्दावर थांबले होते तिथूनच बोलायला लागले. आत्याबाईंनी मान डोलावली.

"शहाणा माणूस हाय," त्या म्हणाल्या. "ऐकणारं उठलं का गप बसतो. आपल्या घरात हे कुणालाच येत न्हाई."

मी त्यांना सांगितलं नाही की ते शहाणपण बाबांचं नसून हेडफोनचं आहे. चांगल्या गुणाचं श्रेय माणसाला गेलं तर हेडफोनला काय वाईट वाटणार?

चौदातल्या बारा जागा त्यांनी उलगडल्या. दोन ठिकाणी खरंच वारा होता. "तिथं वाराच हाय, मी काय करू?" म्हणाल्या. मी एकेक ओळ फाइलीत भरत गेले. पावणेपाचला रेणूनं दोरी ओढली. मी पायानं झोका दिला, तिनं परत ओढली, मग रडायलाच लागली. आत्याबाईंनी माझ्या अंगठ्याची दोरी सोडली, तिला उचललं आणि पिठाच्या अंगानं ओट्यावर घेऊन गेल्या. पाचला आठ मिनिटं कमी असताना मी फाइल पाठवली.

शेवटी संस्थेनं एक रकाना ठेवला होता: टंकलेखन कोणी केलं. मी माझं नाव लिहिलं. मग त्याखाली एक ओळ वाढवली. ऐकलं: बायनाबाई, गिरणीवाल्या, आष्टी.

उत्तर मंगळवारी दुपारी आलं. गिरणी चालू होती, हेडफोनमध्ये फोन वाजला, मी बटण दाबलं. पुण्याच्या बाई बोलत होत्या, शेजारी बसून बोलाव्यात तितक्या स्पष्ट. म्हणाल्या, तुम्ही पास आहात. आजवर सगळ्यांनी त्या जागा गाळल्या किंवा अस्पष्ट म्हणून सोडल्या. आमच्याकडे मेंढपाळांच्या अजून अकरा फाइली पडून आहेत. त्या तुम्हालाच पाठवतो. आणि हो, त्या बायनाबाईंचं नाव आम्ही तसंच ठेवलंय.

मी "हो, हो" म्हणत राहिले. गिरणी सुरू असताना मी पहिल्यांदाच न ओरडता फोनवर बोलत होते. फोन संपल्यावर तशीच बसले. डोक्यावर हेडफोन, त्याच्या काळ्या कमानीवर आत्याबाईंची पिठाची चार बोटं उमटलेली. मऊ फडक्यानं पुसायची सूचना पेटीत लिहिलेली आहे. मी अजून पुसलेली नाहीत.

उठून सांगायला जाणार, तेवढ्यात अंगठ्याला झटका बसला. रेणू जागी झाली होती. रडली नाही. झोळीच्या कडेवरून दोन डोळे वर आले आणि त्या शांततेत, गिरणी गावाबाहेर गेलेली असताना, मला स्वच्छ ऐकू आलं,

"हिर्र."

ओठांवर थुंकीचा फुगा. पुन्हा, "हिर्रर्र."

सव्वा वर्षाची माझी लेक मला माघारी बोलावत होती. मी हेडफोन काढला, दोरी तशीच पायाला ठेवून तिला उचललं, आणि झोळीसकट सगळं ओढत गिरणीत गेले. आत्याबाईंना हातवाऱ्यानं सांगता येण्यासारखी ती बातमी नव्हती. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग हात पुढे करून, आयुष्यात पहिल्यांदा, लाईट असताना, डबे रांगेत असताना, बटण खाली पाडलं. पट्टा फिरत फिरत मंदावला आणि थांबला.

"लाईट गेली का?" दैवशालाकाकूंनी डबा उचलत विचारलं.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "बसा जरा गप. माझी नात बोलून राह्यलीय."